लस गोठली का? शेक टेस्ट नीट करा

शीतसाखळीच्या, म्हणजे लसी ठरावीक थंडाव्यात ठेवण्या-नेण्याच्या कामात नवीन आहात, तर उष्णतेइतकीच थंडीची धास्ती बाळगा. कुपीवरचा व्हीव्हीएम (उष्णतेने रंग बदलणारी खूण) फक्त उष्णता दाखवतो. गोठून वाया गेलेल्या पेंटाव्हॅलंटचा (पाच आजारांवरची एकत्र लस) व्हीव्हीएम अगदी व्यवस्थित दिसू शकतो, आणि नवखे इथेच फसतात.

संशय आला की शेक टेस्ट करा. त्याच कंपनीची, त्याच बॅचची एक कुपी घेऊन तिच्यावर ‘गोठवलेली’ असं ठळक लिहा, म्हणजे ती चुकून बाळाला टोचली जाणार नाही. रात्रभर डीप फ्रीझरमध्ये ठेवून ती घट्ट गोठू द्या. मग आपोआप वितळू द्या. गरम पाण्यात धरू नका. आता ही आणि संशयित कुपी एकाच हातात धरून १०-१५ सेकंद जोरात हलवा, शेजारी शेजारी ठेवा आणि ३० मिनिटांपर्यंत पाहा. गोठल्यावर ॲल्युमिनियमच्या क्षाराचे कण एकमेकांना चिकटून जड होतात आणि भराभर तळाशी बसतात. संशयित कुपीतला गाळ गोठवलेलीइतक्याच किंवा जास्त वेगाने बसला, तर ती लस वापरू नका. ही चाचणी ॲल्युमिनियम असलेल्या लसींसाठीच आहे. आयपीव्हीला (पोलिओची टोचायची लस) ती लागू नाही.

गोठणं बहुतेक वेळा आईसपॅकमुळे होतं. फ्रीझरमधून काढल्यावर पॅकला घाम येऊन आत पाणी खळखळेपर्यंत थांबा, मगच कॅरियरमध्ये (लसी नेण्याचा डबा) भरा. बाहेर पडायची घाई असते, तरी एवढं थांबाच. आयएलआरमध्ये (लसी साठवायचा फ्रीज) पेंटाव्हॅलंट, टीडी (धनुर्वात-घटसर्पाची लस), हेपॅटायटिस बी नेहमी वरच्या बास्केटमध्ये. तळाला कधीच नाही.