पॉमेरेनियन पिल्लाची काळजी कशी घ्यावी? ते फार भुंकतं का? उन्हाळ्यात केस पूर्ण काढले तर चालतात का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते: केस काढू नका. मशीन मारायची नाही, 'सिंह कट' नाही, 'एकदाच करून बघू' नाही.

माझी शेवरी आता नऊ वर्षांची आहे. शेवरीचं बोंड फुटून कापूस बाहेर यावा तशी दिसायची, म्हणून हे नाव. ती तीन वर्षांची असताना मला कामासाठी बारा दिवस बाहेर जावं लागलं आणि मी तिला थोरल्या भावाकडे ठेवलं. जाताना फ्रीजवर चिठ्ठी लावली. जेवणाच्या वेळा, डॉक्टरांचा नंबर, फिरायला नेताना हार्नेसच (छातीभोवतीचा पट्टा) घालायचा, गळ्यात पट्टा नाही, असं सगळं त्यात होतं. परत आले तर दारात वेगळंच कुत्रं उभं. डोक्यावर आणि शेपटीला केस, मधलं सगळं अंग गुलाबी, उजव्या खांद्यावर मशीनचा बोटभर ओरखडा. एरवी मी आले की गुडघ्यापर्यंत उड्या मारणारी ती, त्या दिवशी मला बघून सोफ्याखाली जाऊन बसली.

दादा म्हणाला, "अगं, दिवसभर धापा टाकत होती बिचारी. तू उन्हाळ्यात स्वेटर घालून बसशील का?"

त्याने हे मायेनेच केलं, हे मला तेव्हाही कळत होतं. म्हणूनच भांडण मिटत नाही. मुद्दाम केलं असतं तर एकदा काय ते बोलून मोकळी झाले असते.

हा स्वेटरचा दाखला मी त्यानंतर कितीतरी जणांच्या तोंडून ऐकला आहे, म्हणून त्याचा सोक्षमोक्ष इथे लावते. आपल्याला अंगभर घाम येतो, तो वाळताना आपण गार होतो आणि स्वेटर त्याच्या आड येतो. कुत्र्याला असा घाम येतो तो पंजांच्या गाद्यांना, तोही थोडा. अंगातली उष्णता बाहेर जाते ती मुख्यतः धापा टाकण्यातून. म्हणजे दादाला जो त्रास दिसला, तेच तिचं अंग गार करण्याचं काम चाललेलं होतं. पॉमच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. आत मऊ, दाट लोकर आणि वर लांब, सरळ, जरा राठ केस. हे वरचे केस ऊन थेट कातडीवर येऊ देत नाहीत. ते काढले की खाली उघडी कातडी उरते आणि ती उन्हात भाजते. शेवरीला गॅलरीतल्या कवडशात झोपायची सवय. आठवड्याभरात तिची पाठ लाल झाली, पुढे काळवंडली. आणि एसी लावला की तीच कुडकुडायची.

मला वाटलं, दोन-तीन महिन्यांत केस येतील. चार महिने झाले तरी पाठ तशीच. डॉक्टरांनी रक्त तपासून थायरॉइडचा दोष नाही ना याची खात्री केली आणि मग सांगितलं की याला 'पोस्ट क्लिपिंग अलोपेशिया' म्हणतात. दाट कोट, म्हणजे अंगभर दाट केस असलेल्या जातींमध्ये केसांची मुळं एकेका वाढीनंतर फार काळ विश्रांती घेतात. त्या काळात मशीन फिरली तर मूळ जागं होईपर्यंत नवा केस येत नाही. कधी सहा महिने, कधी वर्ष, कधी दोन वर्षंही. औषध एकच, वाट बघणं. मी रोज रात्री तिच्या पाठीवरून तळवा उलटा फिरवायची, शेपटीकडून मानेकडे. सातव्या महिन्यात खांद्याजवळ बोटांना काहीतरी टोचलं, दोन दिवसांच्या दाढीसारखं. जिथे ओरखडा होता, नेमके तिथेच पहिले केस आले होते. पूर्ण पाठ भरायला चौदा महिने लागले.

दादा आजही विचारतो, "आले ना शेवटी?" आले. पण जसे होते तसे नाही आले. पाठीवर आतली लोकर दाट आली, वरचे सरळ केस विरळच राहिले. पूर्वी अंगावर पाणी पडलं तर वरून ओघळून जायचं. आता ते लोकरीत मुरतं, ओल राहते आणि दुसऱ्या दिवशी गाठी होतात. हे रोज विंचरणाऱ्यालाच कळतं.

दादाचा दुसरा मुद्दा असा की हे मुळात थंड प्रदेशातलं कुत्रं. ते खरं आहे. पॉमेरेनिया म्हणजे बाल्टिक समुद्राच्या दक्षिण किनाऱ्याचा प्रदेश, आज जर्मनी आणि पोलंडमध्ये विभागलेला. पॉमचे पूर्वज स्पिट्झ कुळातले, म्हणजे उभ्या कानांच्या, दाट केसांच्या कुत्र्यांपैकी, आकाराने बरेच मोठे. 1888 मध्ये राणी व्हिक्टोरियाने फ्लॉरेन्सहून मार्को नावाचा लहान पॉम आणला आणि तिथून लहान पॉमची आवड पसरली. आज तर या जातीचं वजन 1.4 ते 3.2 किलो धरतात. अंग लहान झालं, कोट तोच राहिला. पण म्हणून कोट उतरवायचा नसतो, जनावराला उन्हातून आत घ्यायचं असतं. भर दुपारी बाहेर नेऊ नका, गार फरशी मोकळी ठेवा, पाणी दोन ठिकाणी ठेवा. तरीही धाप थांबत नसेल, लाळ गळत असेल, झोक जात असेल तर तो उष्माघात समजा आणि थेट डॉक्टर गाठा.

गरमीवर खरा उपाय विंचरण्याचा आहे आणि तोच लोक टाळतात. मेलेली लोकर आत अडकली की हवा खेळत नाही. वरवर ब्रश फिरवून कुत्रं छान फुगलेलं दिसतं आणि आत कातडीला चिकटून गुंता असतो. केसांवर पाण्याचा हलका फवारा मारा, हाताने भांग पाडा, कातडी दिसू द्या आणि मुळापासून टोकापर्यंत विंचरत एकेक ओळ खाली या. शेवटी बारीक कंगवा घाला. तो कुठेही अडायला नको. कानांमागे, बगलेत आणि मांड्यांच्या मागे गाठी आधी होतात. आठवड्यातून तीनदा, वीस-वीस मिनिटं.

तुमचं पिल्लू साधारण चार-सहा महिन्यांचं झालं की त्याचे पिल्लाचे केस झडतील आणि ते काही दिवस अगदी विरूप दिसेल. त्याच वेळी कुणीतरी नक्की म्हणेल, "एकदा काढून टाका, दाट येतील." ऐकू नका.

भुंकतात, हो. राखणदार कुळातले आहेत. बेल वाजल्यावर भुंकलं की तुम्हीही ओरडू नका, त्याला वाटतं तुम्ही साथ देताय. गप्प झाल्या क्षणी खाऊ द्या.

हार्नेसचं मात्र गंभीरपणे घ्या. या जातीत श्वासनलिकेच्या कूर्चा ढिल्या पडण्याचा त्रास बराच आढळतो. बदकासारखा कर्कश खोकला आला तर दाखवा. गुडघ्याची वाटीही सरकते, तेव्हा सोफ्यावरून उड्या नकोत. दुधाचे दात पडले का ते तपासत राहा. पिल्लू फार वेळ उपाशी राहिलं तर रक्तातली साखर उतरून गळून जातं, म्हणून थोडं थोडं, दिवसातून तीन-चार वेळा खायला द्या.

आता न्यायाने सांगायला हवं की मशीन लावलेल्या कित्येक पॉमचे केस चार-सहा महिन्यांत नीट येतातही. कुणाचे येतील हे आधी कळत नाही, एवढंच. शस्त्रक्रियेसाठी, जखमेसाठी किंवा गुंता कातडीला चिकटून फोड आले असतील तर डॉक्टर सांगतील तेवढे केस काढावेच लागतात. पंजांखालचे आणि शेपटीखालचे केस कात्रीने कमी करणं तर गरजेचंच आहे. मशीन न लावताही मोठ्या कुत्र्याचे केस दोन्ही बाजूंना सारखेच जात असतील, तर तो वेगळा आजार असू शकतो, तपासणी करून घ्या.

आणि पिल्लू कुणाकडे ठेवून जाणार असाल, अगदी सख्ख्या भावाकडे, तर चिठ्ठीत पहिल्या ओळीत लिहा: केसांना हात लावायचा नाही. माझ्या चिठ्ठीत सगळं होतं, एवढंच नव्हतं.