पावसाळ्यानंतर मुलीची किक स्कूटर खरखरते आणि हँडल डुगडुगते. नवीन बेअरिंग आणि मोठी चाके बसवावीत का?

आपण लिहिले आहे की मुलीची १०० मिलिमीटर चाकांची घडीची स्कूटर पावसात भिजल्यापासून पुढचे चाक खरखरते, हँडल हलते, आणि दुकानदाराने ‘एबेक ११’ बेअरिंग व १४५ मिलिमीटरची चाके बसवण्याचा सल्ला दिला आहे. माझ्या घरी अशा दोन स्कूटर आहेत आणि त्यांची सगळी कामे मी घरीच करतो. त्या अनुभवावरून सांगतो की खरखर शे-दोनशे रुपयांत जाईल, हँडलला बहुधा काहीच खर्च येणार नाही, आणि मोठी चाके या स्कूटरला बसवू नयेत.

आधी चाक काढून पाहावे. बहुतेक घडीच्या स्कूटरचा आस दोन भागांचा असतो आणि दोन्ही बाजूंनी ५ मिलिमीटरची ॲलन की लावून तो उघडतो, म्हणून चाव्या दोन हव्यात. चाक हातात आले की बेअरिंगच्या आतल्या कडीत बोटाचे टोक घालून ती अगदी सावकाश फिरवावी. चांगली बेअरिंग बोटाला जाणवतही नाही. पाणी शिरलेली बेअरिंग वाळूचे कण भरल्यासारखी रवाळ लागते, एखाद्या ठिकाणी अडकते, आणि झाकणाच्या कडेला तांबूस ओघळ दिसतो. एवढी गंजलेली बेअरिंग धुऊन, तेल घालून चार दिवस शांत होते आणि पुन्हा खरखरू लागते, कारण छर्‍यांना आणि त्यांच्या मार्गाला पडलेले खड्डे तेलाने भरत नाहीत. ती बदलणेच योग्य.

हिचा क्रमांक ६०८. आतले छिद्र ८, बाहेरचा व्यास २२ आणि जाडी ७ मिलिमीटर. स्केट, स्केटबोर्ड आणि मध्यंतरी मुलांच्या हातात दिसणारे फिजेट स्पिनर, या सगळ्यांत हीच असते, त्यामुळे ती खेळण्यांच्या दुकानात शोधण्याची गरज नाही. मुंबईत नागदेवी स्ट्रीटला किंवा आपल्या गावातल्या कोणत्याही बेअरिंगच्या दुकानात क्रमांक सांगितला की मिळते. मागताना मात्र ‘६०८-२आरएस’ म्हणावे. त्यात दोन्ही बाजूंना रबराची झाकणे असतात. ‘झेडझेड’ प्रकारात पत्र्याची असतात आणि त्यांच्या फटीतून पाणी सहज शिरते. रबरामुळे चाक किंचित जड फिरते, पण आपल्याकडच्या पावसाळ्यात तो सौदा मला नेहमीच फायद्याचा वाटला आहे.

‘एबेक’ ही अमेरिकेतील बेअरिंग-अभियंत्यांच्या समितीची श्रेणी आहे आणि ती १, ३, ५, ७, ९ अशी जाते. ११ हा आकडा तिच्यात नाही. शिवाय ही श्रेणी फक्त मापांचा आणि फिरण्याचा काटेकोरपणा सांगते, पोलाद कसे आहे, ग्रीस कोणते आहे किंवा झाकण किती घट्ट आहे याविषयी ती काहीच सांगत नाही. ताशी १० किलोमीटर वेगाने जाताना १०० मिलिमीटरचे चाक मिनिटाला साधारण ५३० फेरे घेते. तो काटेकोरपणा कामी येतो तो यंत्रांतल्या कितीतरी जास्त वेगांना. मुलीला या गतीत तो फरक कळणार नाही.

आता जी गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते ती. चाकातल्या दोन बेअरिंगच्या मधोमध सुमारे १० मिलिमीटर लांबीची एक छोटी नळी असते, तिला स्पेसर म्हणतात. आस आवळला की सगळा दाब एका आतल्या कडीतून स्पेसरमार्गे दुसऱ्या कडीवर जातो आणि छर्रे मोकळे राहतात. स्पेसर नसेल तर दोन्ही आतल्या कड्या एकमेकींकडे ओढल्या जातात, छर्रे आडवे दाबले जातात, आणि कोरी बेअरिंगसुद्धा आस आवळताच जड होते. माझ्या धाकट्याच्या स्कूटरचे एका दुकानातून दुरुस्त होऊन आलेले चाक असेच होते: आस ढिला ठेवला तर चाक भिरभिरायचे पण डगडगायचे, आणि आवळला की दोन फेऱ्यांत थांबायचे. उघडून पाहिले तर आत स्पेसरच नव्हता. नवा मिळाला आणि त्याच बेअरिंगवर चाक व्यवस्थित फिरू लागले. त्यामुळे जुनी बेअरिंग ठोकून बाहेर काढताना पडणारी ती नळी जपून ठेवावी. नवी बेअरिंग बसवताना दाब बाहेरच्या कडीवरच द्यावा. मी जुनी बेअरिंग वर ठेवून तिच्यावर लाकडी ठोकळ्याने हलकेच मारतो. शेवटी आसाच्या आट्यांवर निळ्या थ्रेडलॉकरचा (आटे आपोआप सैल होऊ न देणाऱ्या चिकट द्रवाचा) एक थेंब पुरे. लाल वापरू नये, तो पुढे तापवल्याशिवाय सुटत नाही.

हँडलचा खेळ नेमका कुठे आहे ते आधी शोधावे, कारण तो तीन ठिकाणी असू शकतो. पुढचे चाक भिंतीला टेकवून हँडल पुढे-मागे हलवावे आणि दुसऱ्या हाताची बोटे एकेका सांध्यावर ठेवावीत. जिथे दोन भाग एकमेकांवर सरकताना बोटाला टकटक लागते तिथे दोष. घडीच्या बिजागरीपाशी असेल तर तिथला बोल्ट आवळावा. नळीच्या क्लॅम्पपाशी असेल तर क्लॅम्प. हँडलची दांडी जिथे फिरते त्या सायकलसारख्या कप-कोन बेअरिंगमध्ये असेल तर हँडल वर काढून, खालचा नट हाताने खेळ जाईपर्यंत फिरवून, किंचित मागे घेऊन, त्याला पान्याने धरून ठेवत वरचा चेकनट (खालच्या नटला जागेवर पक्का धरणारा दुसरा नट) आवळावा. नट जास्त आवळला तर हँडल मध्यावर अडकू लागते, ते मुलांसाठी ढिल्या हँडलपेक्षा धोक्याचे आहे.

मोठ्या चाकांची इच्छा मला समजते. पेव्हर ब्लॉकच्या फटी आणि खडी यांवरून मोठे चाक खरोखरच सोपे जाते. पण १४५ मिलिमीटरचे चाक आस धरून सर्व बाजूंना २२.५ मिलिमीटरने वाढते आणि तेवढी जागा ना पुढच्या फोर्कमध्ये असते, ना मागच्या मडगार्ड-ब्रेकखाली. काही जण फक्त पुढचे चाक मोठे घालतात. १२५ मिलिमीटरचे बसले असे धरले, तरी पुढचा आस साडेबारा मिलिमीटर उचलला जातो. दोन्ही आसांतले अंतर ६० सेंटिमीटर असेल तर सगळी स्कूटर सव्वा अंशाच्या आसपास मागे कलते आणि हँडलचा कोनही तेवढाच बदलतो. मोठ्या चाकाला जागा करण्यासाठी मागचे मडगार्ड कापणे किंवा वाकवणे हा तर विचारही करू नये. तो पत्रा तिच्या स्कूटरचा एकमेव ब्रेक आहे.

आपल्याला बदलच करायचा असेल तर त्याच १०० मिलिमीटर मापात थोडी मऊ पीयू (पॉलियुरेथेन या रबरासारख्या प्लास्टिकची) चाके घ्यावीत. कडकपणा चाकावर ‘८५ए’ असा छापलेला असतो. ८२ए घेतले तर हाताला येणारी थरथर कमी होते, मात्र ती लवकर झिजतात. मागचे चाक ब्रेकमुळे आधी झिजते, म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी पुढचे-मागचे अदलाबदल करावे आणि बाजूही उलटावी. काम झाल्यावर पहिल्या दिवशी तिला सोसायटीच्या आतच चालवू द्यावे आणि संध्याकाळी दोन्ही आसांना पुन्हा एकदा चावी लावून पाहावी.