किटवरचं क्रोम काढायचं कसं?

प्रश्न: १९५७ च्या शेव्हरोले बेल एअरचं १/२५ स्केलचं, घरी जोडायचं प्लॅस्टिक मॉडेलचं किट घेतलंय. बंपर आणि ग्रिल क्रोमचे आहेत पण स्प्रूवरून (पार्ट ज्या प्लॅस्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात ती) कापले की कापल्या जागी पांढरं प्लॅस्टिक दिसतं, मधोमध मोल्डची (साच्याच्या जोडाची) रेघही आहे, आणि सिमेंट (मॉडेल जोडायचा प्लॅस्टिकचा गोंद) तर क्रोमवर चिकटतच नाही. सगळं क्रोम काढून टाकू का? कशाने काढू? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर: काढा, बिनधास्त काढा. नावाला क्रोम आहे हो ते, खरं तर अ‍ॅल्युमिनियम असतं. पार्ट स्प्रूसकट व्हॅक्यूमच्या चेंबरमध्ये ठेवतात, तिथे अ‍ॅल्युमिनियम तापवून त्याची वाफ करतात आणि ती पार्टवर बसते, जाडी मायक्रॉनपेक्षाही कमी. खाली लॅकरचा एक थर, वर पातळ क्लिअर कोट. स्प्रूवर असतानाच हे होतं म्हणून कापलं की पांढरं दिसणारच, त्यात तुमचा काही दोष नाही.

आता हे अ‍ॅल्युमिनियम घालवायला कपड्यांचं साधं लिक्विड ब्लीच पुरतं, सोडियम हायपोक्लोराइटवालं, किराणा दुकानात मिळतं ते. प्लॅस्टिकच्या डब्यात पार्ट बुडतील एवढं ओता, झाकण नुसतं वर ठेवा, घट्ट लावू नका, आणि अ‍ॅल्युमिनियमचं भांडं चुकूनही घेऊ नका. काही किटचं क्रोम दहा मिनिटांत जातं, काहींना रात्रभर लागते, वरचा क्लिअर कोट किती जाड आहे त्यावर आहे सगळं. बाटली जुनी असेल तर ब्लीचचा जोर गेलेला असतो, मग लोक म्हणतात ब्लीचने काही होत नाही! हातात ग्लोव्ह्ज घाला, खिडकी उघडी ठेवा, आणि टॉयलेट क्लीनर किंवा अमोनियावालं काहीही त्यात मिसळू नका, विषारी गॅस होतो, ही गंमत नाहीये.

ब्लीचने नाहीच गेलं तर कॉस्टिक सोडा आहे, पण तो कातडी आणि डोळे दोन्ही जाळतो म्हणून चष्मा हवाच, आणि सोडा थोडा थोडा करून गार पाण्यात टाकायचा, सोड्यावर पाणी ओतायचं नाही. लहान मुलं असलेल्या घरात मी तर ब्लीचवरच थांबेन.

आणि खरी कटकट इथून पुढे. चकाकी गेली की वाटतं झालं काम, पण खालचं लॅकर तसंच असतं, पिवळट, काचेसारखं. बारीक डिटेल त्यानेच बुजतं आणि सिमेंटही त्यामुळेच धरत नाही, कारण सिमेंट प्लॅस्टिक विरघळवून जोडतं, मध्ये लॅकर आलं की ते विरघळवणार काय? यासाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या, मोबाइल रिपेअरच्या सामानाच्या दुकानात मिळतं. त्यात पार्ट भिजत ठेवा, मधूनमधून काढून जुन्या टूथब्रशने घासा. एकदम सगळे पार्ट नका टाकू, आधी एखादा स्प्रूचा तुकडा टाकून बघा. थिनर आणि अ‍ॅसिटोन मात्र नको, किटचं प्लॅस्टिक, म्हणजे पॉलिस्टायरिनच, वितळतं. गरम पाणीही नको, पार्ट वाकतात.

प्रश्न: मग परत चमक कशी आणायची? सिल्व्हर स्प्रे मारला तर राखाडी दिसतं. (तेच वाचक)

उत्तर: दिसणारच. रेघ घासून काढा, गॅप भरा, मग ग्लॉसी काळा रंग मारा, अगदी आरशासारखा, कारण वरची चमक या काळ्यावरच ठरते. तो पूर्ण वाळला की एअरब्रशने (हवेच्या दाबाने रंग उडवणारी छोटी गन) अल्क्लॅड ब्रँडचा क्रोम रंग, तोही पातळ पातळ थरात. एअरब्रश नसेल तर मोलोटो ब्रँडचा लिक्विड क्रोम पेन चांगला आहे, फक्त वाळायला भरपूर वेळ द्या, बोट लागलं की चमक मेली. काचेभोवतीच्या पट्टीला यातलं काहीच नको, तिथे मॉडेलवाल्यांची चिकट पातळ फॉइल लावा.

प्रश्न: माझ्या खऱ्या कारच्या प्लॅस्टिक ग्रिलचं क्रोम सोलायला लागलंय. तेही ब्लीचने निघेल का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर: नाही. ते खरंखुरं इलेक्ट्रोप्लेटिंग असतं, एबीएस प्लॅस्टिकवर तांबं, निकेल आणि सगळ्यात वर क्रोमियम. ब्लीचला ते दाद देत नाही, आणि ज्या अ‍ॅसिडला देतं ती घरी वापरायच्या लायकीची नाहीत. प्लेटिंगवाल्याकडे द्या नाहीतर नवी ग्रिल बसवा, आणि सोललेल्या कडेला बोट फिरवू नका, ब्लेडसारखी कापते.