बियाण्याच्या पिशवीतलं दुसरं पाकीट

बाळ, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. लातूरला दोन वर्षं काढलीस, घरचे पैसे गेले, नीटचे मार्क कमी पडले आणि शेवटी ‘आता काय, बीएस्सीच’ म्हणून प्रवेश घेतलास. ‘बीएस्सीच’ हा शब्द पत्रात चार वेळा आलाय. मला त्या ‘च’बद्दलच लिहायचंय.

नीट पुन्हा द्यायची असेल तर याच महिन्यात ठरव आणि मग पूर्ण जीव लावून दे. सकाळी कॉलेज, संध्याकाळी टेस्ट सिरीज असे दोन दगडांवर पाय ठेवून तीन वर्षं घालवलेली मुलं मी जवळून पाहिली आहेत, त्यांना ना ते मिळालं ना हे. आणि बीएस्सीलाच राहणार असशील तर आधी तुझ्या शेताकडे बघ.

तू लहान असताना बाबा बीटी कपाशीची पिशवी फोडायचे, तेव्हा आत 450 ग्रॅम बीटी बियाणं आणि सोबत 120 ग्रॅम साध्या सरकीचं वेगळं पाकीट निघायचं. बहुतेक घरांत ते बांधावरच पडून राहिलं. ते कशासाठी होतं, माहीत आहे? बीटी कपाशीत मातीतल्या एका जिवाणूचा जीन, म्हणजे जनुक, घातलेला असतो. त्यातून तयार होणारं प्रथिन अळीच्या आतड्यातल्या ठरावीक रेणूंना चिकटतं, आतड्याला भोकं पडतात, अळी मरते. पण एखाद्या अळीत तो रेणूच जरा बदललेला असतो. प्रथिन तिला चिकटत नाही, ती जगते. शिवारात सगळीकडे बीटीच असेल तर तिच्यापासून झालेल्या पतंगाला जोडीदारही तसाच जगलेला मिळतो आणि पुढची पिढी सगळीच प्रतिकारक निघते. शेजारी साध्या कपाशीच्या ओळी असत्या तर तिथल्या साध्या पतंगांशी त्यांची जोडी जमली असती. हा प्रतिकाराचा गुण अप्रभावी, म्हणजे आई आणि बाप दोघांकडून आला तरच दिसणारा. मग ती मिश्र पिल्लं बीटी खाऊन मेली असती. मेंडेलचं वाटाण्याचं गणित त्या पाकिटात भरलेलं होतं, आणि ते नीट समजावून सांगणारं माणूस तुमच्या बांधापर्यंत पोचलं नाही. याचं मला फार वाईट वाटतं. ते माणूस तुझ्यासारख्या घरातूनच यायला हवं होतं.

बीटीला 2002 साली परवानगी मिळाली, दोन जीनांचं वाण 2006 ला आलं, आणि 2017 च्या हंगामात गुलाबी बोंडअळीनं आपल्याकडची बोंडं आतून पोखरून टाकली. आता विचार कर, हिरवी अमेरिकन बोंडअळी तशी का उसळली नाही? ती तूरही खाते, हरभराही खाते. ती पिकं म्हणजे तिच्यासाठी आपोआप पेरलेलं साधं पाकीटच. गुलाबी अळी जवळजवळ कपाशीवरच जगते. त्यात आपण पाण्याची सोय असली की फरदड ठेवतो, म्हणजे वेचणी संपल्यावरही तीच कपाशी शेतात उभी ठेवतो, तिला उपास घडतच नाही. जनुकशास्त्र, उत्क्रांती, परिसंस्था असे तीन वेगळे पेपर तुझ्या वेळापत्रकात दिसतील. शेतात ते वेगळे नसतात.

दुसरी गोष्ट जर्नलची, म्हणजे प्रॅक्टिकलच्या वहीची. इथं माझी स्वतःची चूक सांगते. पहिल्या वर्षाला कांद्याच्या मुळाचं टोक आम्लात मऊ करून, ॲसिटोकार्मिननं रंगवून, काचपट्टीवर दाबायचं प्रॅक्टिकल होतं. मी सीनियरच्या जर्नलमधून पेशी विभाजनाच्या चारही अवस्थांच्या सुबक आकृत्या उतरवल्या. तोंडी परीक्षेत परीक्षकांनी विचारलं, “यांतली कुठली तू स्वतः पाहिलीस?” मी गप्प उभी राहिले. ते रागावले नाहीत, त्यांनी नुसतं पान उलटलं. ते मला आजही डाचतं.

तू खरंच सूक्ष्मदर्शकाच्या भिंगातून बघ. बहुतेक पेशी काहीच करत नसल्यासारख्या दिसतील, केंद्रक गोल आणि शांत. स्लाइड बिघडली असं समजू नकोस. 500 पेशी मोज आणि कुठल्या अवस्थेत किती सापडल्या ते लिही. जी अवस्था जास्त वेळ चालते तिच्यात जास्त पेशी सापडतात. म्हणजे मेलेल्या, रंगवलेल्या पेशींवरून जिवंत पेशीचं घड्याळ वाचता येतं. मध्यावस्थेतली नीट पसरलेली पेशी मिळाली तर गुणसूत्रं मोज, 16 भरली पाहिजेत.

इंग्रजीला घाबरतेस असं लिहिलंस. माझे वडील हैदराबादला उस्मानिया विद्यापीठात उर्दूतून विज्ञान शिकले, मी मराठी शाळेतून येऊन इंग्रजीतून. भाषा बदलल्या, आम्ही शिकलो. दहावीत ‘सूत्री विभाजन’ पाठ केलंस ना? माइटोसिसमधला ग्रीक ‘माइटोस’ म्हणजेही सूत. वहीच्या डाव्या पानावर मराठीत लिही, उजव्या पानावर इंग्रजीत. जे आईला मराठीत सांगता येत नाही ते तुला इंग्रजीतही कळलेलं नाही, असं खुशाल धर.

परीक्षांचं थोडक्यात. एमएस्सीच्या प्रवेशासाठी आयआयटीची जॅम ही परीक्षा आहे, बायोटेकसाठी गॅट-बी आहे. तीन विज्ञान अकादमींची उन्हाळी फेलोशिप मिळाली तर दोन महिने चांगल्या प्रयोगशाळेत काम करता येतं, तिचा अर्ज चुकवू नकोस. पुढे संशोधनासाठी किंवा प्राध्यापकीसाठी सीएसआयआरची नेट परीक्षा, ती जीवशास्त्राची 200 गुणांची असते. त्यातल्या 100 गुणांच्या शेवटच्या भागात 75 पैकी 25 प्रश्न सोडवायचे असतात आणि चुकलं की गुण कापतात. तिथं बऱ्याचदा प्रयोगाचे आकडे पुढे ठेवून अर्थ विचारतात. पाठांतर तिथं पुरत नाही, मोजायची सवय उपयोगी पडते. रसायनशास्त्र आणि संख्याशास्त्र सोपं वाटत नाही म्हणून टाकू नकोस, एवढा माझा हट्ट समज.

दिवाळीला गावी जाशील तेव्हा एका एकरातून, वेगवेगळ्या ओळींतली 20 हिरवी बोंडं तोडून आण. बाहेरून धडधाकट दिसणारीही घे, कारण अळी आत शिरली की तिचं भोक बुजतं. एकेक बोंड फोड, आत काय निघालं ते तारीख आणि ओळ टाकून लिही. दोन बोंडांत अळी निघाली तरी नुकसान 10 टक्के झालं, म्हणजे फवारणीचं बोलायची वेळ आली. बाबांना आधी आकडा दाखव, मग औषधाचं बोला. आणि तो कागद मला पाठव, त्याला बोंडाचा चिकट डाग लागलेला असला तरी चालेल.

आईला नमस्कार सांग.

तुझी,
मॅडम