18 लाखांचा कोर्स, 15 लाखांचा विमा

पुण्याहून एका टीम लीडचं पत्र आलंय. वय 37, हिंजवडीत नोकरी, महिन्याला हातात 1 लाख 35 हजार, गृहकर्ज 46 लाख बाकी, पत्नी घरी, मुलगी सहा वर्षांची. प्रश्न असा: डिलिव्हरी मॅनेजर (क्लायंटचे प्रोजेक्ट पार पाडायची जबाबदारी असलेला) होण्यासाठी कर्ज काढून 18 लाखांचा वीकेंड एमबीए करू का? आणि शेवटी जाता जाता लिहिलंय, "विम्याची काळजी नाही, वर्षाला दीड लाख हप्ता भरतो, कव्हर 15 लाख."

मी त्या ओळीवरच अडलो.

अहो, उद्या तुमचं काही बरंवाईट झालं, तर ते 15 लाख गृहकर्जातच जातील. वर 31 लाख उरतील, तेही सहा वर्षं नोकरीबाहेर असलेल्या पत्नीच्या डोक्यावर. एजंटनं तुम्हाला विमा म्हणून बचत विकली, आणि तीही रद्दी. 15 वर्षं दीड-दीड लाख भरून विसाव्या वर्षी 40 लाख, म्हणजे साडेचार टक्केसुद्धा पडत नाहीत. पीपीएफ आज 7.1 देतो.

दीड कोटीचा टर्म प्लॅन घ्या, म्हणजे बचत नसलेला निव्वळ विमा. सिगारेट नसेल तर तुमच्या वयाला वर्षाला साधारण 25 हजार. सप्टेंबर 2025पासून त्यावर जीएसटीही नाही. अर्जात विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या 1874च्या कायद्याचा पर्याय असतो, तिथे खूण करा. मग ते पैसे पत्नी आणि मुलीचेच राहतात, बँकेला त्यावर हात टाकता येत नाही. ही खूण मागाहून करता येत नाही. नवी पॉलिसी हातात पडल्यावरच जुनी पेड-अप करा, म्हणजे पुढचे हप्ते थांबवून कमी रकमेवर चालू ठेवा. आधी ती बंद केलीत आणि मेडिकलमध्ये काही निघालं, तर दोन्हीकडून गेलात.

मेडिक्लेम फक्त कंपनीचा आहे, बँकेत 1 लाख 20 हजार आहेत. जुलै 2025मध्ये टीसीएसनं सुमारे 12 हजार माणसं कमी करायचं जाहीर केलं, ती मुख्यतः मधल्या आणि वरच्या फळीतली. तुम्हाला चढायचंय ती हीच फळी. नोकरी गेली की कंपनीचा मेडिक्लेमही जातो. घरच्यांसाठी स्वतःचा वेगळा घ्या आणि सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवा.

आता कोर्स. 18 लाख, 11 टक्के, सात वर्षं: हप्ता 31 हजार, एकूण फेड 26 लाख. नव्या करप्रणालीत असाल तर व्याजावर सवलतही नाही. पत्रात तुम्ही लिहिलेली "40 टक्के पगारवाढ" हे कोर्स विकणाऱ्याचं बोलणं, त्यावर कर्ज काढू नका. माझ्याकडे येणारे डिलिव्हरी मॅनेजर पदवीमुळे वर गेलेले नाहीत. चिडलेल्या क्लायंटला सांभाळून, प्रोजेक्टचं बजेट आणि मार्जिन अंगावर घेऊन ते तिथे पोचले. तुमच्या मॅनेजरला मेलवर विचारा: ही पदवी झाली तर ग्रेड मिळेल का, आणि यंदा एखाद्या अकाउंटचं, म्हणजे क्लायंटच्या कामाचं, बजेट माझ्याकडे द्याल का? पहिल्याचं उत्तर गोलमोल आलं तर 18 लाख वाचले. पीएमपी (प्रोजेक्ट मॅनेजमेंटचं प्रमाणपत्र) मात्र जरूर करा, खर्च लाखाच्या आत. बऱ्याच कंपन्या फी परत देतात, एचआरला विचारून घ्या.

टर्मचा अर्ज याच आठवड्यात भरा. एमबीएची पुढची बॅच पुढच्या वर्षीही असेल.