क्लाऊडवरचे मशीन: वेब कन्सोल की एसएसएच?

प्रश्न: बेळगावच्या उद्यमबागेतील एका फाउंड्रीच्या हिशेबाचा क्लाऊडवरील लिनक्स सर्व्हर मी खानापूर तालुक्यातील घरून सांभाळतो. मी एसएसएच (दूरच्या सर्व्हरला सुरक्षितपणे जोडून त्यावर आज्ञा देण्याची सोय) वापरतो. सहकारी मात्र सर्व कामे वेब कन्सोलवरूनच (क्लाऊड कंपनीच्या ब्राउझरमधील नियंत्रण पानावरूनच) करावीत, तेच सुरक्षित आहे, असे सांगतात. पावसाळ्यात लाईन गेली की माझी जोडणी तुटते आणि काम अर्धवट राहते. मी काय करावे?
– एक वाचक, खानापूर

उत्तर: आपण दोघे ज्यांची तुलना करीत आहात, त्या गोष्टी एकमेकींना पर्याय नाहीत. मशीन सुरू-बंद करणे, डिस्क वाढवणे, स्नॅपशॉट (डिस्कची त्या क्षणाची प्रत) घेणे ही बाहेरून करावयाची कामे कन्सोलची. लॉग वाचणे, डेटाबेस तपासणे ही आतली कामे एसएसएचची. कन्सोलमधील ‘कनेक्ट’ दाबल्यावर उघडणारी काळी खिडकीसुद्धा अनेकदा एसएसएचच असते, त्यामुळे ब्राउझर वापरल्याने लाईनीचा प्रश्न सुटणार नाही. तो टीमक्सने (tmux – जोडणी तुटली तरी सर्व्हरवरील खिडकी चालू ठेवणारा प्रोग्रॅम) सुटतो. जोडणी होताच सर्व्हरवर टीमक्स सुरू करून त्यातच काम करावे. मग घरची वीज गेली तरी सर्व्हरवरील काम चालूच राहते आणि पुन्हा जोडल्यावर ‘टीमक्स अटॅच’ (tmux attach) या आज्ञेने तीच खिडकी जशीच्या तशी समोर येते.

सुरक्षिततेबाबत सहकाऱ्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. एसएसएचचे २२ क्रमांकाचे पोर्ट (जोडणीचे दार) साऱ्या जगाला उघडे ठेवले, तर पासवर्ड ताडून पाहणारे प्रोग्रॅम त्यावर सतत धडकत राहतात. पासवर्डने प्रवेश बंद करून केवळ ‘की’ (पासवर्डऐवजी ओळख पटवणारी गुप्त फाईल) वापरावी, आणि त्या कीला पासफ्रेज (ती उघडण्याचे परवलीचे शब्द) असावा. घरगुती ब्रॉडबँडचा आयपी पत्ता बदलत असल्याने एकाच पत्त्याला परवानगी देणे अवघड जाते. अशा वेळी ॲमेझॉनचा सेशन मॅनेजर किंवा मायक्रोसॉफ्ट अझ्युअरचे बॅस्टियन यांसारखी सोय वापरल्यास ते पोर्ट इंटरनेटवर उघडे ठेवावे लागत नाही. परंतु कन्सोलचे खाते दुसऱ्याच्या हाती पडणे मला अधिक घातक वाटते, कारण एसएसएचची की चोरीस गेली तर सहसा एक मशीन धोक्यात येते, पण पूर्ण अधिकारांचे कन्सोल खाते गेले तर सर्व मशीन आणि त्यांचे स्नॅपशॉटही पुसले जाऊ शकतात. म्हणून त्या खात्याला दुहेरी पडताळणी हवीच, आणि रोजच्या कामासाठी मोजक्या अधिकारांचा वेगळा वापरकर्ता हवा.

फायरवॉल किंवा एसएसएचच्या सेटिंगमधील चुकीमुळे आपणच बाहेर अडकलो, तर कन्सोलमधील सिरियल कन्सोल (नेटवर्कशिवाय मशीनशी थेट जोडणारी खिडकी) उपयोगी पडतो. मात्र तेथे लॉगिन करण्यासाठी मशीनमधील वापरकर्त्याचा पासवर्ड बहुधा लागतो, तेव्हा तो आधीच ठरवून ठेवावा. एसएसएचचे सेटिंग बदलल्यावर ‘एसएसएचडी -टी’ (sshd -t) या आज्ञेने फाईल तपासावी, मगच सेवा पुन्हा सुरू करावी, आणि दुसऱ्या खिडकीतून नवी जोडणी जमल्याची खात्री होईपर्यंत जुनी खिडकी बंद करू नये.