नानांचा उजवा हात रिकामा ठेवू नका

भाऊ, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. नानांना पोळ्याच्या सुमारास लकवा मारला, उजवी बाजू गेली. बोलणं वाचलं. पाय बऱ्यापैकी आला, काठी धरून ओट्यापर्यंत जातात. हात मात्र मांडीवर पडून असतो, बोटं जराशी उघडतात तेवढंच. भाचा म्हणतो, माकडांवरच्या संशोधनातून मेंदू स्वतःला नव्याने जोडतो असं सिद्ध झालंय. गावातले म्हणतात, सहा महिन्यांत आलं तर आलं. मेव्हणे पुण्याला रोबोट (हाताकडून हालचाल करून घेणारं यंत्र) आणि स्टेम सेलसाठी (मूळ पेशी टोचण्याचा उपचार) न्या म्हणतात. ऐकायचं कोणाचं?

मी फिजिओथेरपिस्ट आहे, जळगाव-भुसावळ पट्ट्यात बरीच वर्षं असेच हात हाताळतोय. माझं मत : भाच्याचं ऐका, पण तो अर्धीच गोष्ट सांगतोय.

त्याने ऐकलंय ते बहुधा रँडॉल्फ नुडो या अमेरिकन मेंदूशास्त्रज्ञाचं काम. त्यांनी स्क्विरल मंकी जातीच्या लहान माकडांच्या मेंदूत बारीक तारेने जागोजागी हलका विद्युतप्रवाह देऊन नकाशा काढला. इथे प्रवाह दिला की बोट हलतं, तिथे मनगट, पलीकडे कोपर. मग हाताच्या भागात मुद्दाम छोटासा स्ट्रोक, म्हणजे लकव्याचा झटका, घडवला आणि काही काळाने पुन्हा नकाशा काढला. ज्या माकडांना कसलाच सराव दिला नव्हता, त्यांच्यात मेलेल्या भागाच्या आजूबाजूचा, इजा न झालेला हाताचा भागही आक्रसला होता. नुकसान झालं त्याहून जास्त गेलं होतं. 1996 साली 'सायन्स' या संशोधनपत्रिकेत आलेल्या त्यांच्या प्रयोगात दुसऱ्या माकडांचा चांगला हात अडकवून ठेवला आणि दुबळ्या हाताने लहान लहान खळग्यांतून खाऊ काढायला लावला. त्यांचा उरलेला हाताचा भाग टिकला, काहींमध्ये तर तो कोपर-खांद्याच्या हद्दीत सरकला.

तुम्ही शेतकरी आहात, लगेच कळेल. शेत पडीक दिसलं की शेजारी बांध कोरायला लागतो.

भाचा सांगत नाही ते हेच. मेंदू आपोआप नानांच्या बाजूने जोडला जात नाही. जो भाग वापरात असतो, त्याच्या बाजूने तो जोडला जातो. आणि आपल्याकडे घरोघरी काय चालतं? लकवा झालेला माणूस म्हणजे पाहुणा. सून ताट वाढून भाकरी कुस्करून देते, पोरगा गुंड्या लावतो, नातू पाण्याचा तांब्या तोंडाशी नेतो. नानांनी उजवा हात जरा पुढे केला की घरातून आवाज येतोच, "राहू द्या नाना, मी करस." माया खरी आहे, पण त्या मायेने हाताची जमीन पडीक पडते.

एडवर्ड टाउब या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी याला शिकून घेतलेलं न वापरणं म्हटलं. सुरुवातीला हात चालत नाही, म्हणून माणूस प्रयत्न सोडतो. पुढे थोडी ताकद येते तेव्हा सवय मोडलेली असते. त्यांच्या पद्धतीत चांगल्या हाताला जाड मोजा घालून तो बाद करतात आणि दुबळ्या हाताकडून दिवसाचे कित्येक तास काम करून घेतात. 2006 मध्ये अमेरिकेत 222 रुग्णांवरच्या चाचणीचे निष्कर्ष आले. स्ट्रोक होऊन 3 ते 9 महिने झालेले लोक, दोन आठवडे ही पद्धत. नेहमीच्या उपचारापेक्षा त्यांचा हात चांगला सुधारला आणि फरक वर्षभर टिकला. अट एक : मनगट आणि बोटं थोडी तरी वर उचलता, उघडता यायला हवीत. नानांची उघडतात असं तुम्हीच लिहिलंय. अर्थात मोजा घालून त्यांना चालायला लावू नका, काठी त्याच हातात असते. बसून करायच्या कामापुरताच.

एक गोष्ट बहुतेक जण विसरतात. तुम्ही कौतुकाने लिहिलंय, "नाना आता डाव्या हाताने सगळं शिकले." उंदरांवर टेरेसा जोन्स या मेंदूशास्त्रज्ञांनी दाखवलंय की स्ट्रोकनंतर चांगल्या पंज्याला कौशल्य शिकवलं तर दुबळ्या पंज्याची सुधारणा मागे पडते. उंदीर म्हणजे नाना नव्हेत, मान्य. पण डावा हात हुशार होतो त्याची किंमत उजव्याला मोजावी लागते, एवढं धरून चाला.

आता सरावाच्या मात्रेबद्दल, कारण घोडं तिथेच अडतं. प्रयोगातली जनावरं दिवसाला शेकड्याने हालचाली करतात. अमेरिका-कॅनडातल्या उपचार केंद्रांत बसून मोजणी केली तेव्हा एका बैठकीत हाताच्या कामाच्या हालचाली सरासरी 32 भरल्या. आपल्याकडे फिजिओ घरी येतो, अर्धा तास हात वरखाली करतो, तेवढ्यावर घरचे खूश. तो हात त्याने हलवला, नानांनी नाही. मेंदूला प्रयत्न नानांचा लागतो.

म्हणून काम असं द्या की ज्यात नानांचं मन लागेल. रबरी चेंडू दाबत बसवू नका. मूठ आवळायला तसाही जोर जास्त असतो, अडचण बोटं उघडण्यात आहे. तुमच्याकडे वेचणी चालू असेल. फुटलेली बोंडं परातीत घ्या, परात नानांच्या उजव्या हाताला. डाव्या हाताने बोंड नुसतं धरायचं आणि उजव्याने एकेका कप्प्यातला कापूस ओढायचा. बघा त्यात काय काय येतं : आधी बोटं उघडून पुढे न्यायची, अंगठा आणि दोन बोटांत पुंजका धरायचा, सालीच्या टोकाला न लागता ओढायचा, मग मूठ सोडून टोपलीत टाकायचा. सगळ्यात कठीण हे सोडणंच. पुंजका बोटाला चिकटून राहील, नाना चिडतील, डावा हात मदतीला धावेल. तेव्हा हात धरू नका, थांबा. पुंजका पडू द्या.

जमायला लागलं की कठीण करा. आधी मोठी बोंडं, मग भुईमुगाच्या शेंगा फोडणं, मग लसूण, मग ठिबकच्या नळीचे जोड बसवणं. माकडांचे खळगेही असेच मोठ्याकडून छोट्याकडे गेले होते. एका दमात तासभर नको. सकाळी गारव्यात एकदा, दुपारच्या झोपेनंतर एकदा, संध्याकाळी एकदा. थकवा लकव्यात खरा असतो, त्याला आळस म्हणू नका. आणि माणूस सतत उदास, रडवेला वाटला तर डॉक्टरांना सांगा. स्ट्रोकनंतर सुमारे तिघांतल्या एकाला नैराश्य येतं, त्यावर औषध आहे.

(तंबाखूचं तुम्ही काही लिहिलं नाहीत. मळायला मात्र दोन्ही हात बरोबर चालतात असे नाना मी पाहिलेत. तो व्यायाम मी मोजत नाही, बंद करा.)

खांदा सांभाळा. उठवताना उजव्या दंडाला धरून ओढायचं नाही. छताच्या कडीला दोरी-पुली बांधून हात वर खेचायचा प्रकार गावोगाव दिसतो, तोही नको, त्याने खांदा दुखायला लागतो आणि मग नाना कुठल्याच कामाला हात पुढे करणार नाहीत.

सहा महिन्यांचं गणित अर्धं खरं आहे. पहिल्या काही महिन्यांत मेंदू जास्त ऐकतो. अमेरिकेतले डॉक्टर ड्रोमेरिक आणि सहकाऱ्यांची चाचणी 2021 मध्ये छापून आली : 72 रुग्णांचे गट पाडून, एक गट सोडून बाकीच्यांना वेगवेगळ्या टप्प्यांवर हाताचा 20 तास जास्तीचा सराव दिला. सर्वाधिक फायदा स्ट्रोकनंतर 60 ते 90 दिवसांत सराव मिळालेल्यांना झाला. तुम्ही आत्ता नेमके त्याच दिवसांत आहात, म्हणून तर एवढं लांबलचक लिहितोय. पण सहा महिन्यांनंतर दार लागतं असं नाही. लंडनच्या क्वीन स्क्वेअरमधल्या मेंदूविकार रुग्णालयात बहुतेक जुन्या रुग्णांना तीन आठवड्यांत 90 तास सराव देतात. 2019 मध्ये त्यांनी 224 जणांचे निकाल छापले, त्यात स्ट्रोक होऊन वर्ष-दीड वर्ष उलटलेलेही भरपूर होते. हात सुधारले, सहा महिन्यांनंतरही सुधारणा टिकून होती. उशिरा मात्र कष्ट जास्त पडतात.

मेव्हण्यांना सांगा, रोबोटवर ब्रिटनमध्ये 770 रुग्णांची मोठी चाचणी झाली, 2019 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रिकेत आली. हाताच्या वापरात नेहमीच्या उपचारापेक्षा फायदा दिसला नाही. रोबोट वाईट नाही, पण त्यासाठी केळीचे पैसे मोडून पुण्यात खोली घेण्यात अर्थ नाही. स्टेम सेलला तर स्पष्ट नको. लकव्यासाठी तो मान्यताप्राप्त उपचार नाही, चाचणीच्या बाहेर त्यासाठी पैसे मागणाऱ्यापासून दूर राहा. तेलमालिश हवी तर करा, बरं वाटतं, पण ती सरावाच्या वेळेत नको. कबुतराच्या रक्ताचा सल्ला कोणी दिला तर त्याला चहा पाजून वाटेला लावा.

बीपीची आणि रक्त पातळ ठेवायची गोळी 'आता बरं आहे' म्हणून मनाने बंद करू नका. दुसरा झटका आला तर हा सगळा हिशोब पुन्हा शून्यावर येतो.

सुरू करण्याआधी दोन गोष्टी बघून इथे लिहा : तळहात टेबलावर पालथा ठेवला तर नानांना मनगट किती उचलता येतं, आणि पाण्याचा रिकामा पेला धरून तो परत सोडता येतो का. सोडता येत नसेल तर बोंडांच्या आधी आरशाचा सराव (चांगल्या हाताचं प्रतिबिंब बघत दुबळा हात हलवायचा) सांगावा लागेल. कपाटाचा आरसा चालतो, मांडणी कशी करायची ते लिहितो.